तीन एमएमचा डब्बा

माझा हात लवकर उठतो आणि तोंड त्याहून लवकर सुटतं. हे वडिलांकडून आलेलं आहे. ते भिलाईच्या स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. दिवसभर दुसऱ्यांच्या हजेऱ्या लिहायचे आणि घरी आले की पट्टा काढायचे. क्वार्टरच्या भिंती पातळ होत्या, शेजारचे काका पलीकडून थाप मारून ओरडायचे, "बस करो साहब, बच्चा है." चौदाव्या वर्षी मी तो पट्टा हवेतच धरला आणि असा ओढला की वडील मोरीच्या दारात आपटले. त्यानंतर त्यांनी मला कधी मारलं नाही. मला वाटलं, झालं, जिंकलो. तिथेच माझं डोकं बिघडलं असावं.

हे आधी सांगून टाकतो, कारण आमच्याकडे अजून म्हणतात की कॉम्प्युटरच्या धंद्यापायी दादाचा हात गेला. धंद्याला काय दोष द्यायचा? तो हात माझ्यापायी गेला.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मावशी वर्धेकडची, लग्न होऊन दुर्गात आलेली. दादाचं कुम्हारीला हायवेच्या बाजूला फॅब्रिकेशनचं शेड होतं. शटर, ग्रिल, कूलरच्या बॉड्या आणि प्लांटच्या ठेकेदारांची किरकोळ कामं. पत्रा अंगठा आणि बोटात धरून तो त्याची जाडी सांगायचा, आणि मोजपट्टी लावली की तेवढीच निघायची. शेडमध्ये दोन माणसं कामाला होती, पण वाकवणं, जोडणं, घासणं हे नाजूक काम दादाच्याच उजव्या हातचं. घरात वहिनी, दोन पोरी आणि आजारी मावशी. या सगळ्यांच्या पोटाला तोच हात होता.

मी तेव्हा नेहरू नगरात एका कॉम्प्युटर कंपनीच्या डीलरकडे नोकरीला होतो. नव्वद साल उलटून गेलं होतं. डीलरच्या शोरूमला काचेचं दार आणि एसी. आत शिरताना लोक चपला बाहेर काढायचे. कॉम्प्युटर दोनच तऱ्हेचे, लहान आणि मोठा. रंग एकच, फिकट राखेसारखा. लहान घेतला तरी किंमत एवढी, की प्लांटमधल्या बऱ्यापैकी ऑफिसरचा वर्षाचा पगार त्यात जावा. वर कंपनीचाच प्रिंटर घ्यायचा, कंपनीचाच कीबोर्ड, कारण दुसऱ्याची पिन त्यात बसायचीच नाही. मागच्या स्क्रूवर कागदी सील. सील फाटलं की गॅरंटी संपली. घेणाऱ्यानं आपल्याच वस्तूत डोकावायचं नाही, असा तो कारभार.

मी मात्र डोकावत होतो, कारण दुरुस्ती माझ्याकडे होती. आत काय, तर तैवानचा माल. तोच बोर्ड, तीच डिस्क दिल्लीच्या बाजारात दुकानादुकानात टांगलेली मी पाहिली होती. कंपनीचा होता तो वरचा डबा आणि वरची पाटी. हे कळल्यापासून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेठ गिऱ्हाइकाला "इम्पोर्टेड टेक्नॉलॉजी" सांगायचा आणि मी मागे स्क्रूचा पेचकस घेऊन दात खात उभा असायचो.

एक दिवस रिसालीचे एक गुरुजी आले. रिटायर होऊन पोरांसाठी कॉम्प्युटरची शिकवणी काढणार होते. त्यांना फक्त साधं मशीन हवं होतं, प्रिंटर नको, रंगीत पडदा नको. शेठ म्हणाला, "कंपनी जो देती है, वही मिलेगा. भाजीबाजार नहीं है कि पाव किलो तौल दें." गुरुजी कानकोंडे होऊन उठले. मला गप्प बसता आलं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, मी मागून म्हणालो, "गुरुजी, रुको. यही माल आधे में मैं बना के देता हूँ. ऊपर का नाम छोड़ दो."

शेठ जागेवरून उठला, शांतपणे माझ्यापर्यंत आला आणि त्यानं माझ्या कानशिलात लगावली. दुसरी लगावायला हात उचलला तोवर माझ्या हातात कीबोर्ड आला होता. तो मी आडवा त्याच्या तोंडावर हाणला. बटणं चुरमुऱ्यांसारखी फरशीवर उधळली. त्याच्या नाकातून रक्त आलं, काचेच्या टेबलावर ठिबकलं, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. दोन सेल्समन धावून आले. त्यांनी मला काचेच्या दारातून फरफटत बाहेर काढलं आणि हायवेच्या धुळीत लाथा घातल्या. गुरुजी चपला हातात घेऊन पळाले. पण आठ दिवसांनी त्यांनीच घर शोधत येऊन विचारलं, "बेटा, वो आधे वाली बात सच थी क्या?"

असा माझा धंदा सुरू झाला. दिल्लीहून बोर्ड, डिस्क, पडदे गाडीनं दुर्गला आणायचे आणि जोडायचे. आतला माल उत्तम मिळाला, पण दिल्लीचा डबा म्हणजे पापड होता. मी तो दादाला दाखवला. त्यानं बोटानं टिचकी मारली आणि हसला.

"हा काय डब्बा हाय? यात पोहे भर," तो म्हणाला. "मी बनवून देतो तुले."

इथे आमच्या गावाची खोड सांगायला हवी. भिलाईचा माणूस वस्तू घेताना आधी ठोकून बघतो. कपाट, बादली, सायकल, जावई, काहीही असो. आवाज भरीव आला तर माल चांगला. ज्या गावात घरटी एक माणूस लोखंड ओततो, तिथे हलकं ते खोटं, हा हिशेब कुणी कुणाला शिकवावा लागत नाही. दादानं कॉम्प्युटरचा डबा तीन एमएमच्या प्लेटचा बनवला. आतून अँगलची चौकट, कोपरे वेल्ड करून घासलेले. मोकळा डबा पंधरा किलो! मला तेव्हा त्यात काही वेडेपणा वाटला नाही, म्हणजे बघा. पहिलं मशीन तासाभरात आतल्या आत शिजलं, कारण हवेला भोकच ठेवलं नव्हतं. मग दादानं ड्रिलनं ओळीत भोकं पाडली, अगदी चाळणीसारखी एकसारखी. गिऱ्हाईक यायचं, टकटक करायचं, उचलून बघायचं, कण्हायचं आणि म्हणायचं, "इसमें दम है." कंपनीचं मशीन त्यापुढे प्लास्टिकचं खेळणं वाटायचं.

रंग मी कंपनीचाच लावला, तोच फिकट राखेचा. त्याची गरज नव्हती. दादा म्हणाला होता, "निळा मार ना बाप्पा, आपला येगळा दिसन." पण मला शेठला खिजवायचं होतं. सहा महिन्यांत त्याच्याकडे दुरुस्तीला आमचे डबे जायला लागले. नेणाऱ्यांना वाटायचं, कंपनीचंच आहे.

मग शेठचे निरोप यायला लागले. पहिला निरोप फोनवरून, शिव्यांचा. दुसरा रस्त्यावर. दुर्ग स्टेशनहून मी स्कूटरवर माल घेऊन येत होतो, भरदुपारी. जीप आडवी लावून दोघांनी मला खाली पाडलं. एकानं माझ्या मानेवर गुडघा ठेवला, दुसरा खोक्यातल्या डिस्का एकेक काढून टाचेखाली चिरडत होता, शेंगा फोडाव्या तशा. मी गुडघेवाल्याच्या मांडीला चावलो. तोंडात मांस आलं तरी सोडलं नाही. त्यानं माझा पुढचा दात पाडला तेव्हा सुटला. मागे अडकलेल्या बसमधून लोक बघत होते. एकही उतरला नाही. मला राग त्या बसवाल्यांचाही आला, इतका की मी रक्त थुंकत बसच्या मागे दगड घेऊन धावलो.

दादानं शेडमध्ये माझं तोंड धुतलं. त्याचा हात हलका होता. जखमेवर कापूस दाबत म्हणाला, "सोडून दे हे. मी कूलर बनवून राहिलो होतो तेच बरं होतं. मले दोन पोरी हायेत."

मी म्हणालो, "मग बांगड्या भर आणि बस घरात."

मोठ्या भावाला असं बोलायचं नसतं. तो कापूस फेकून हात धुवायला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तर तो पुढच्या आठ डब्यांची प्लेट कापत होता. ते आठ गुरुजींच्या ओळखीनं एका शाळेसाठी होते. आमची सगळ्यात मोठी ऑर्डर.

मे महिना होता. मशिनं तयार होऊन शेडमध्ये ओळीनं मांडली होती, टेम्पो संध्याकाळी यायचा होता. कामाची दोघं माणसं जेवायला गेली होती. दादा कोपऱ्यात पाणी पीत होता. जीप आत शिरली आणि चौघं उतरले. तिघांच्या हातात सळया. चौथा रिकाम्या हाताचा, जाडसर, पांढरे बूट घातलेला. त्यानं शेडमधला दादाचाच घण उचलला.

आधी पडदे फुटले. पडद्याची काच फुटताना बार उडाल्यासारखा आवाज होतो, पत्र्याच्या शेडमध्ये तर कानठळ्याच बसल्या. मी धावलो तर पोटात सळईचं टोक बसलं आणि मी गुडघ्यावर आलो. दादानं मला मागून धरून ओढलं. "राहू दे, फोडू दे, लोखंडच हाय," तो कानाशी म्हणत होता.

पडदे संपल्यावर ते डब्यांवर गेले. आणि डबे फुटेनात. सळई आदळायची आणि उसळून परत यायची. एकाच्या मनगटाला झिणझिण्या आल्या, त्यानं सळई टाकली आणि हात दुमडून शिव्या द्यायला लागला. दुसऱ्यानं लाथ घातली आणि लंगडला. पांढऱ्या बुटवाल्यानं घण घातला तेव्हा झाकणावर वाटीएवढा खळगा पडला, बस्स. घामानं निथळत होते चौघं. रंग उडत होता, डबा जिथल्या तिथे.

मला हसू आलं. पोट धरून गुडघ्यावर बसलेला मी, पुढचा दात नसलेल्या तोंडानं मोठमोठ्यानं हसलो. त्या हसण्याइतकं नीच मी आयुष्यात काही केलं नाही असं म्हणालो असतो, पण पुढचं त्याहून वाईट आहे.

"मारो!" मी ओरडलो. "और मारो! भिलाई का लोहा है, तुम्हारे सेठ का प्लास्टिक नहीं! बाप को भी बुला लो, नहीं टूटेगा!"

दादा माझं तोंड दाबत होता. मी त्याचा हात झटकला.

पांढऱ्या बुटवाला थांबला. घण खाली ठेवून त्यानं शर्टाच्या बाहीनं घाम पुसला. तो माझ्यासमोर आला, केस धरून मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "किसने बनाया बे, ये डब्बा?"

तोपर्यंत मी रागात होतो. त्या आवाजानं राग एकदम उतरला. त्याचे डोळे मला दिसले आणि कळलं की हे आता वस्तूंचं राहिलं नाही. पँटमध्ये मुताचे दोन थेंब गेले, तेही आठवतं. मी म्हणू शकत होतो, मीच बनवला. दिल्लीहून आणला, असंही म्हणता आलं असतं. काहीही चाललं असतं.

मी बोट दाखवलं. दादाकडे.

दादानं माझ्या बोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तो पळाला नाही. दोघांनी त्याला धरलं, त्याचा उजवा हात त्याच डब्यावर पालथा पसरला आणि पांढऱ्या बुटवाल्यानं घण दोनदा मारला. पहिल्या वेळी दादा ओरडला. दुसऱ्या वेळी आवाज फक्त लोखंडाचा आला. माझे केस आता कुणी धरले नव्हते. मला कुणीच धरलं नव्हतं. मी तसाच गुडघ्यावर बसून राहिलो.

जीप गेल्यावर मी त्याचा हात माझ्या शर्टात गुंडाळून त्याला स्कूटरवर मागे बसवलं. त्यानं डाव्या हातानं माझं पोट धरलं होतं. मोठ्या दवाखान्यात त्याची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका काढून टाकली. अंगठा आणि करंगळी राहिली.

पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा दादा म्हणाला, "प्रेस मशीन में आ गया साहब." हवालदार निघून गेल्यावर मी त्याच्यावर धावून गेलो. वॉर्डात, सलाईन लागलेल्या माणसावर. "कावून खोटं बोलला? कावून?" मी त्याची कॉलर धरून त्याला हलवत होतो. नर्सनं मला ढकललं.

"खरं सांगतलं असतं," दादा हळूच म्हणाला, "तर पोलिसानं ईचारलं असतं, त्याईले मालूम कसं पडलं, डब्बा कोन बनवला ते."

मग तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

वहिनी बाहेर बाकावर बसली होती, धाकटी मांडीवर झोपलेली. तिनं विचारलं काय झालं. आणि मी सांगितलं, "त्यांनी विचारलं कुणी बनवला, तर मी बोलायच्या आत दादा पुढे झाला. म्हणाला, मैंने बनाया. मला वाचवलं वहिनी." असं अस्खलित सांगितलं, एकदाही अडखळलो नाही. सांगता सांगता मला रडू आलं, ते मात्र खरं होतं.

तिथून मी सरळ नेहरू नगरला गेलो. वाटेत शेडवरून सळई घेतली. संध्याकाळचे सहा वाजले असतील, शोरूममध्ये दिवे लागले होते. चपला न काढता शिरलो. मांडून ठेवलेलं प्रत्येक मशीन फोडलं. एकेका फटक्यात फुटत होतं, इतकं सोपं, की त्यानंच मी जास्त पिसाळलो. शेठ टेबलाखाली शिरला होता. त्याला पाय धरून ओढला आणि त्याच्या खांद्यावर, पाठीवर, गुडघ्यावर हाणत राहिलो. त्याचं गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मला आला. तो रडत होता, "भैया, मैंने हाथ का नहीं बोला था, सिर्फ माल तोड़ने को बोला था." ते खरं असावं असं मला तेव्हाही वाटलं. मी थांबलो नाही. पुढचे काही आठवडे दुर्गच्या जेलमध्ये काढले. बाहेर आलो तेव्हा अख्ख्या कॉलनीत मी शेर झालो होतो. भावासाठी जीव देणारा भाऊ! वडिलांनीसुद्धा आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला. मला त्या हाताची शिसारी आली. शेठला मी दादासाठी मारलंच नव्हतं. माझं बोट कुणाला दिसू नये म्हणून मारलं होतं.

प्रकरण पुढे समजुतीनं मिटलं. शेठला कोर्ट नको होतं, आम्हाला परवडणारं नव्हतं. आणि चार-पाच वर्षांत गंमतच झाली. जोडलेली मशिनं गल्लोगल्ली झाली, कंपनीच्या दोनच तऱ्हा कुणी विचारीना, आणि त्याच शेठनं काचेच्या दाराआड दिल्लीचे पापडी डबे जोडून विकायला सुरुवात केली. ज्यासाठी तीन बोटं गेली ते आता गुन्हाच राहिलं नव्हतं. पत्र्याचं काम दादाला पुन्हा जमलं नाही. वहिनी पापड-शेवयांचं करायला लागली आणि दादा हायवेवरच्या एका गोदामात गेटवर बसायला लागला. मी महिन्यातून एकदा जायचो. पोरींना खाऊ, मावशीची औषधं, जमेल ते न्यायचो. त्या गोष्टीबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.

थोरल्या पोरीचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. पाहुणे येऊन गेले होते, त्यांनी वधूपित्याचा हात पाहून विचारलं होतं आणि वहिनीनं त्यांना ती गोष्ट सांगितली होती, मी सांगितलेली. पाहुणे भारावून गेले म्हणे. ते गेल्यावर आम्ही दोघं भाऊ जेवायला बसलो. दादा अंगठा आणि करंगळीत घास धरून सावकाश जेवत होता. वहिनी वाढता वाढता थांबली.

"भाऊजी, एक गोष्ट ईचारू? खरं सांगा," ती म्हणाली. "मी आज त्याईले सांगून राहिली होती, तं माह्या मनात आलं. मी या मानसाले बावीस वर्षं पाहून राहिली. हा नळावरच्या भांडनात कधी पुढं झाला नाही. रेशनच्या लाइनीत कोनी घुसलं तं हा मांगं सरकते. त्या दिवशी हा सोताहून पुढं झाला? सोताहून बोलला, मी बनवला म्हनून?"

तिच्या हातात भाताचं भांडं होतं. पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. दादाचा घास हातातच राहिला. तो वर बघत नव्हता.

इतक्या वर्षांत मला एवढं सोपं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी तोंड उघडलं. या वेळी तोंड लवकर सुटलं नाही.

"हो वहिनी," मी म्हणालो. "स्वतःहून."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं दादाकडे पाहिलं.

दादानं घास तोंडात घातला, नीट चावला, गिळला. "हो म्हनून राहिला ना तो," तो म्हणाला. "त्याचा भात सरला. वाढ त्याले."

वहिनीनं वाढला. मी खाली मान घालून सगळा जेवलो.